घटस्फोट झाला, पण सह्या दोघांच्या होत्या

समजा, नवरा-बायकोने मिळून घरकर्ज घेतलं. पुढे घटस्फोट झाला. ‘हप्ते नवरा भरेल’ असं तडजोडीत लिहिलं गेलं, पण त्याने भरणं थांबवलं. बँक बायकोच्या मागे लागू शकते का? हो, लागू शकते.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला सहसा स्वतःच्या नावाने करारच करता येत नसे. तिचं लग्नाआधीचं कर्जही नवऱ्याच्या डोक्यावर यायचं. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी हे चित्र बदलत गेलं.

आपल्याकडे १८७२ मध्ये करार कायदा आला. त्याचं कलम ४३ म्हणतं, दोघांनी मिळून वचन दिलं असेल तर धनको कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. ज्याने भरली, त्याने दुसऱ्याकडून वाटा वसूल करायचा. वेगळं काही ठरलं नसेल तर वाटे समान.

आता तारखा बघा. काडीमोडाची रूढी अनेक जातींत होतीच, पण हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आला आणि देशभर १९५५ मध्ये. म्हणजे कलम ४३ त्याहून कितीतरी जुनं, आणि त्यात लग्नाचा उल्लेखही नाही. ते फक्त सह्या बघतं.

त्यामुळे तडजोडीतलं वाक्य त्या दोघांना बांधतं, बँकेला नाही. बायकोने हप्ते भरले तर त्या वाक्याच्या जोरावर ती नवऱ्याकडून पैसे मागू शकते. पण आधी भरायचे तिनेच! म्हणून कर्जातून नाव काढायचं असेल तर बँकेची लेखी संमती घ्या. न्यायालयाच्या हुकूमनाम्याने लग्न मोडतं, कर्जाचा करार नाही.