भोगवर्धनची नोंद



आपल्या घरात उतरंड असते. एका गाडग्यात ज्वारीचे बियाणे, दुसऱ्यात तुरीचे. वाण कोणते, कुठल्या शेतातले, कोणत्या साली राखलेले, हे घरच्या म्हातारीला तोंडपाठ. म्हातारी गेली, की गाडगी जागच्या जागी राहतात, बीही शाबूत राहते. पण ते कशाचे, हे सांगणारे कुणी उरत नाही. वस्तू जपणे आणि वस्तूची नोंद जपणे, ही दोन निराळी कामे आहेत.

याचा दाखला आपल्या जालना जिल्ह्यातच आहे. केळणेच्या काठचे भोकरदन तुम्हाला ठाऊक आहे. त्याचे जुने नाव भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी या गावचे लोक दूर सांचीच्या स्तूपासाठी दान देत होते. हे कशावरून म्हणाल, तर तिथल्या दगडांवरून. सांचीला असे शेकडो लहान लेख आहेत. त्यांचा साचा बहुधा एकच: अमुक गावच्या, अमुक माणसाचे, दान. भोगवर्धनच्या दात्यांनीही तसेच कोरून ठेवले. राजाची स्तुती नाही, लांबण नाही. पण गावाचे नाव मात्र गाळले नाही.

या ठरीव साच्याने पुढे एक मोठे काम केले. ब्राह्मी लिपी लोक विसरून गेले होते. 1837 साली जेम्स प्रिन्सेप यांच्यापुढे सांचीच्या लेखांचे ठसे आले. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे आहेत, हे त्यांनी हेरले. देवस्थानाच्या दगडावर शेवटी काय असणार? ‘दानं’! त्या दोन अक्षरांनी लिपीचे कुलूप उघडण्यास मोठी मदत झाली. प्रत्येक दात्याने आपल्या मनाप्रमाणे शब्द बदलला असता, तर ही किल्ली हाती लागती का?

आता उलट बाजू बघा. इटलीत पाँपेई नावाचे शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले. 1938 साली तिथल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. मूर्ती देखणी, पण ती कुठल्या गावी घडली हे तिच्यावर लिहिलेले नाही. कुणी मथुरेकडे बोट दाखवले, कुणी विदिशेकडे. पुढे 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केले. देव आणि गुप्ते या संशोधकांनी त्याचा वृत्तांत छापला. तिथे तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा अवशेष मिळाला, आणि ती पाँपेईची बाई आपल्या भोकरदनची तर नव्हे, असा विचार अभ्यासक करू लागले. वाद अजून मिटलेला नाही. एका गावाच्या नावाची उणीव, आणि केवढी ही शोधाशोध!

तुम्ही म्हणाल, या जुन्या गोष्टींचे आज काय? आज शाळा आणि ग्रामपंचायती आपली छायाचित्रे, कागद, आठवणी संगणकावरच्या संकेतस्थळावर ठेवतात. प्रत्येक वस्तूसोबत तिची माहिती लिहावी लागते. तिला मेटाडेटा म्हणतात. म्हणजे आपली गाडग्यावरची चिठ्ठीच. 1995 साली अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिन गावी जाणकारांची बैठक झाली. त्या कामातून पुढे पंधरा रकाने ठरले: शीर्षक, कर्ता, विषय, तारीख वगैरे. ती यादी ‘डब्लिन कोअर’ म्हणून जगभर चालते.

गुरुजींना हे काम नवे नाही. शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही काय आहे? पन्नास वर्षांनी नातू येतो, आजोबांचा दाखला मागतो. रकाना भरलेला असेल तर पाच मिनिटांत काम. कोरा असेल तर हेलपाटे.

म्हणून रकाने आखण्याआधी विचारावे: उद्या येणारा माणूस काय विचारील? तेवढेच रकाने ठेवावेत. चाळीस ठेवले तर निम्मे कोरे राहतील. नाव लिहिण्याची रीत एकच ठेवावी, एकाने ‘जि. प. शाळा’ आणि दुसऱ्याने ‘जिल्हा परिषद प्रशाला’ लिहिले, की यंत्राला त्या दोन शाळा वाटतात. तारखा दोन लिहाव्यात: प्रसंग घडला ती आणि नोंद केली ती. आणि ठिकाण तेव्हाचे व आताचे, दोन्ही द्यावे. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. भोकरदनच्या उत्खननाच्या वेळी तो भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि 2023 पासून त्या जिल्ह्याचेही नाव छत्रपती संभाजीनगर आहे. जुन्या कागदावर नुसते ‘औरंगाबाद’ राहिले, तर जालन्याच्या नावाने शोधणाऱ्या पोराच्या हाती तो कागद यायचा नाही.

घरी शाळेचे जुने छायाचित्र असेल, तर आज संध्याकाळीच ते खाली उतरवा. त्यातली माणसे ओळखणारे कुणी घरात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, आणि मागच्या बाजूला लिहा: कोण, कुठले, केव्हाचे. भोगवर्धनच्या दात्याने दगडावर याहून फार काही कोरले नव्हते.