तापीचा गाळ आणि सुरतेबाहेरची छावणी

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांची छावणी सुरतेच्या बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर एका बागेत पडली होती. ही छावणी अवघे चार दिवस टिकली. त्या चार दिवसांत जे घडले, त्याचा बराचसा भाग सुरतेखालच्या भूमीने आधीच ठरवून ठेवला होता.

मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटरचा प्रवास करून खंभातच्या आखातास मिळते. वाटेत सातपुडा व दख्खनच्या काळ्या कातळाची झीज करून आणलेला गाळ ती मुखाशी ओतते. सुरत वसली आहे ती या गाळाच्या सपाट मैदानावर. गोव्यात जमीन खणली की जांभा दगड लागतो आणि त्याचेच चिरे भिंतीला येतात. सुरतेत हाताशी होती ती माती. १६६४ साली शहराचा तट मातीचा व डागडुजीअभावी खचलेला होता. श्रीमंतांचे वाडे सोडले, तर बहुतेक घरे लाकडी खांबांची व बांबूच्या भिंतींची होती. लावलेली आग पसरायला वेळ लागला नाही.

दगडी बांधकाम होते ते नदीकाठच्या किल्ल्याचे. पोर्तुगीजांच्या वारंवारच्या स्वाऱ्यांना आळा बसावा, म्हणून गुजरातच्या सुलतानाने तो सोळाव्या शतकात उभारून घेतला. मोगल सुभेदार इनायतखान या किल्ल्यात जाऊन बसला. महाराजांनी वेढ्यात वेळ दवडला नाही. सह्याद्रीत छावणीच्या पाठीशी डोंगर असे. येथे चहूकडे मोकळे मैदान होते. घोडदळाला ते सोयीचे. मात्र तळ राखायला तितकेच गैरसोयीचे. मोगल फौज येत असल्याची खबर लागताच छावणी उठली, यात नवल नाही.

गाळाचा दुसरा परिणाम समुद्राकडे दिसतो. नदीचे मुख उथळ असल्याने मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत. ती सुमारे १२ मैलांवरच्या सुवाळी येथे नांगरत. तेथे किनाऱ्याला समांतर वाळूचा लांब दांडा असून त्याच्या आत सुरक्षित खोल पाणी होते. गोमंतकीय वाचकाला हे ठिकाण परके वाटू नये. १६१२ मध्ये थॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांशी झुंजताना पोर्तुगीजांची अवजड गलबते येथेच वाळूत रुतली. १६१५ मध्ये खुद्द गोव्याचा व्हाइसरॉय जेरोनिमो दि अझेव्हेदो आरमार घेऊन आला. पण दांड्याआड उभ्या असलेल्या निकोलस डाउन्टनच्या जहाजांना त्याची मोठी जहाजे भिडू शकली नाहीत.

याच सुवाळीहून शहराकडे निघालेला अँथनी स्मिथ हा इंग्रज १६६४ मध्ये मराठ्यांच्या हाती सापडला व छावणीत नेला गेला. छावणीचे त्याने सांगितलेले वर्णन इंग्रजांच्या कागदपत्रांत उतरले आहे.

पुढे औरंगजेबाच्या हुकुमाने शहराला नवा तट घालण्यात आला. तरीही ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत पुन्हा लुटली गेली. त्या वेळी इंग्रजांनी आपला बराचसा माल आधीच सुवाळीला हलवला होता आणि वखारीच्या रक्षणासाठी स्ट्रेनशॅम मास्टरला खलाशांची तुकडी देऊन शहरात धाडले होते. १६८७ मध्ये कंपनीने पश्चिम किनाऱ्यावरचे आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस नेले, जेथे बेटांच्या आडोशाला खोल पाण्याचे बंदर होते.