बोधात्मक वर्तनोपचार (घटस्फोटित स्त्रियांसाठी)

विचार, भावना व वर्तन यांचा परस्परसंबंध तपासून मनःस्वास्थ्य सुधारणारी मानसोपचारपद्धती. ॲरन बेक यांनी ती १९६० च्या दशकात नैराश्यावरील उपचारांतून विकसित केली. ॲल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती (१९५५) तिच्या आधीची. एलिस यांची पद्धती महाराष्ट्रात किशोर फडके यांनी रुजवली. बोधात्मक वर्तनोपचारात घटस्फोटित स्त्री ‘संसार मोडला, म्हणजे मीच नालायक’ अशा समजुतीची समुपदेशकासह पुराव्यानिशी छाननी करते, विचारांची नोंद ठेवते आणि लग्नकार्याला जाण्यासारख्या टाळलेल्या गोष्टी टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करते. पोटगी, निवारा व सुरक्षितता यांना हा उपचार पर्याय नव्हे. यवतसारख्या (ता. दौंड, जि. पुणे) गावांतूनही ‘टेली-मानस’ या दूरध्वनी-सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून प्राथमिक समुपदेशन मिळते.