रोहे आणि अष्टमी : एका नदीचे दोन काठ

आमच्या सिनेगॉगच्या सभासदांत रोहेकर आहेत, तसेच अष्टमकरही आहेत. येथे इस्राएलमध्ये जन्मलेली नातवंडे आम्हांस विचारतात, "आजोबा, या आडनावाचा अर्थ काय?" अर्थ साधा आहे. रोहे आणि अष्टमी ही कुंडलिका नदीच्या दोन काठांवरची समोरासमोरची गावे. आमच्या वेळचा कुलाबा जिल्हा. 1981 साली त्याचे नाव रायगड झाले.

कुंडलिका सह्याद्रीतून उतरते आणि भिरा, कोलाड, रोहे असे करीत रेवदंडा व कोर्लई यांच्यामध्ये अरबी समुद्रास मिळते. रोह्यापर्यंत भरतीचे पाणी चढते. मोटाररस्ते नव्हते तेव्हा भरतीबरोबर होड्या वर येत व ओहोटीबरोबर भात घेऊन खाली जात. उत्तरेस अवचितगड उभा आहे. कुलाब्यातील अशा गावांत आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला ते बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत.

1927 साली भिऱ्याला टाटांचे वीजकेंद्र सुरू झाले. पूर्वेकडे वाहून बंगालच्या उपसागरास जाणारे मुळशीचे पाणी घाट उतरून कुंडलिकेत येऊ लागले व ती उन्हाळ्यातही वाहती राहिली. परंतु त्याच पाण्याखाली मुळशीकरांची गावे गेली, हे विसरता येत नाही. त्यासाठी 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. पुढे धाटावला कारखाने उभे राहिले. 1986 साली रेल्वे रोह्यास पोहोचली आणि कोकण रेल्वेचा आरंभही तेथूनच झाला.

आमची माणसे मात्र त्याआधीच निघू लागली होती. नोकरीसाठी व पलटणीत भरती होऊन ती मुंबईस गेली. तेथे 1796 साली समाजाचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. 1948 नंतर बहुतेकजण इस्राएलला आले.

रोह्यात राहणाऱ्याला शेजारी 'रोहेकर' म्हणून कशाला हाक मारील? गाव सुटल्यावरच गावाचे नाव कामी येते. ते नाव आम्ही दोनदा स्थलांतर करूनही सांभाळले. कित्येकांनी येथे हिब्रू आडनावे घेतली. त्यांना आमचा दोष नाही. मुलाबाळांना एवढेच सांगावे, की रोहेकर आणि अष्टमकर यांच्यामध्ये फक्त एक नदी होती, आणि ती अजून वाहते आहे.