डॉक्टरांचं बर्नआउट : कृतज्ञतेची डायरी पुरेशी आहे का?

बर्नआउट म्हणजे नुसता थकवा नाही. कामाबद्दल तुटकपणा येतो, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागतं. जागतिक आरोग्य संघटना याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण वेळीच न हाताळल्याचा परिणाम म्हणते.

यावर 'तीन चांगल्या गोष्टी' हा सराव सुचवला जातो. झोपण्यापूर्वी दिवसभरात चांगलं घडलेलं लिहायचं : बरा होऊन घरी गेलेला रुग्ण, घाईतही चहा विचारणाऱ्या सिस्टर. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या कामातून तो पुढे आला. मन हलकं व्हायला त्याची मदत होते. पण सलग ३६ तास ड्युटी केलेल्या निवासी डॉक्टरने डायरी उघडायची कधी?

२०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास काम, एक सुट्टी आणि रोज ७ ते ८ तास झोप सुचवली.