लंडन सोडले, ब्रिटन राखले

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी, वेस्टमिन्स्टर पुलाजवळ, रथावर आरूढ झालेल्या एका राणीचा भव्य पुतळा आहे. इ. स. ६०च्या सुमारास रोमन सत्तेविरुद्ध उठलेल्या बूडिका राणीचे हे स्मारक १९०२ मध्ये उभारण्यात आले. ज्या शहराची तिने राखरांगोळी केली, त्याच शहराने तिला राष्ट्रीय वीरांगना म्हणून गौरवावे, हा इतिहासाचा विलक्षण न्याय म्हटला पाहिजे. मात्र बूडिकाच्या शौर्यकथेत तिचा प्रतिस्पर्धी गायस सुएटोनियस पॉलिनस याच्या रणनीतीकडे सामान्य वाचकाचे फारसे लक्ष जात नाही. जेमतेम दहा हजार सैनिकांच्या बळावर त्याने हातातून निसटलेला प्रांत परत मिळवला. पण त्यासाठी दोन भरवस्तीची शहरे शत्रूच्या हवाली केली. हा दूरदर्शी डाव होता की निरुपायाने घेतलेला निर्णय, याविषयी अभ्यासकांमध्ये आजही मतभेद आहेत.

असंतोषाची बीजे

सम्राट क्लॉडियसच्या कारकिर्दीत, इ. स. ४३ मध्ये, रोमन सैन्याने ब्रिटनवर स्वारी केली. पूर्व इंग्लंडमधील, आजच्या नॉरफोक परिसरातील इसेनी जमातीचा राजा प्रासुटॅगस याने रोमचे मांडलिकत्व पत्करून आपले राज्य टिकवले होते. आपल्या पश्चात घराणे सुरक्षित राहावे म्हणून त्याने मृत्युपत्रात दोन मुलींबरोबर सम्राट नीरोलाही वारस नेमले. परंतु त्याचा मृत्यू होताच रोमन अधिकाऱ्यांनी हे राज्य जिंकलेल्या मुलखाप्रमाणे लुटले. राणी बूडिकाला फटके मारण्यात आले, तिच्या मुलींवर बलात्कार झाले आणि इसेनी सरदारांच्या वंशपरंपरागत जमिनी हिरावून घेण्यात आल्या.

शेजारच्या ट्रिनोव्हांटिस जमातीचे दुःखही वेगळे नव्हते. त्यांच्या कॅमुलोडुनम या राजधानीत, म्हणजे आजच्या कोलचेस्टरमध्ये, रोमने इ. स. ४९ मध्ये निवृत्त सैनिकांची वसाहत वसवली होती. हे सैनिक स्थानिकांना घराबाहेर काढून त्यांच्या जमिनी बळकावत. त्यातच दिवंगत क्लॉडियसच्या नावाने बांधलेल्या मंदिराचा खर्च स्थानिक प्रतिष्ठितांच्या माथी मारला जात होता. रोमन धनिकांनी पूर्वी दिलेली कर्जे एकाएकी परत मागितल्याचा उल्लेख डिओ कॅसियस हा इतिहासकार करतो. बंडाचा वणवा पेटण्यास एवढे इंधन पुरेसे होते.

सीमेवर बळ, घरात पोकळी

त्या वेळी ब्रिटनमध्ये रोमच्या चार लीजन होत्या. एका लीजनमध्ये साधारण पाच हजार पायदळ असे. या फौजा प्रामुख्याने पश्चिमेकडील व उत्तरेकडील आघाड्यांवर विखुरलेल्या होत्या. जिंकलेला पूर्व भाग शांत झाला आहे, या गृहीतकावर ही सारी मांडणी आधारलेली होती. कॅमुलोडुनममधील जुन्या लष्करी छावणीची तटबंदी तर पाडण्यात आली होती आणि बुजवलेल्या खंदकावर घरे उठली होती. सोयीसुविधांकडे लक्ष देताना संरक्षणाचा विसर पडला, असा ठपका टॅसिटस हा रोमन इतिहासकार ठेवतो. उत्खननांतून त्याला दुजोरा मिळाला आहे.

प्रांताधिपती सुएटोनियस या काळात वायव्येकडील मोना बेटावर, म्हणजे वेल्सलगतच्या अँगलसीवर, स्वारीत गुंतला होता. हे बेट ड्रुइड पुरोहितांचे केंद्र आणि रोमच्या विरोधकांचे आश्रयस्थान होते. आर्मेनियात कॉर्ब्युलो या सेनापतीने मिळवलेल्या कीर्तीशी बरोबरी साधण्याची आकांक्षाही या मोहिमेमागे होती, असे टॅसिटस नमूद करतो. थोडक्यात, बंड पेटले तेव्हा सेनापती प्रांताच्या दुसऱ्या टोकाला होता आणि बंडखोरांची वाट मोकळी होती.

पहिले तडाखे

कॅमुलोडुनमच्या रहिवाशांनी प्रांताच्या महसुलाचा प्रमुख कॅटस डेसियानस याच्याकडे मदत मागितली. त्याने धड शस्त्रेही नसलेली दोनशे माणसे पाठवली. शहर पडले, मंदिरात आश्रय घेतलेले सैनिक दोन दिवस झुंजले आणि मग तेही संपले. बचावासाठी नववी लीजन घेऊन घाईने निघालेल्या पेटिलियस सेरियालिसला बंडखोरांनी वाटेतच गाठले. त्याचे पायदळ कापले गेले आणि तो घोडदळासह कसाबसा छावणीत परतला. बंडानंतर या लीजनची तूट भरून काढण्यासाठी जर्मनीतून दोन हजार सैनिक आणावे लागले. त्यावरून सेरियालिसबरोबर संपूर्ण लीजन नसावी, तिचा एक भाग असावा, असा तर्क अभ्यासक करतात. डेसियानसने तर गॉलमध्ये पळ काढला.

लंडनचा निर्णय

मोना ते लोंडिनियम हे अंतर सुमारे ४०० किलोमीटरचे. शत्रूच्या मुलखातून वाट काढत सुएटोनियस लोंडिनियमला पोहोचला. त्याच्यासोबत सारे सैन्य होते की केवळ घोडदळाचे बिनीचे पथक, हे टॅसिटस स्पष्ट सांगत नाही. त्याने शहर लढवले नाही, यावरून पायदळ अद्याप मागे असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. लोंडिनियमला तेव्हा अधिकृत वसाहतीचा दर्जा नव्हता, पण व्यापाऱ्यांची तेथे मोठी वर्दळ होती.

शहराला तटबंदी नव्हती, हाताशी सैनिक थोडे होते आणि सेरियालिसच्या उतावळेपणाचे फळ समोर होते. एका शहराचा बळी देऊन सारा प्रांत वाचवावा, असे सुएटोनियसने ठरवले. रहिवाशांच्या अश्रूंनी तो विरघळला नाही. जे बरोबर चालू शकत होते, त्यांना त्याने सोबत घेतले. स्त्रिया, वृद्ध आणि आपली जागा सोडवेना असे लोक मागे राहिले व मारले गेले. त्यानंतर वेरुलेमियमची, म्हणजे आजच्या सेंट ऑल्बन्सची, तीच गत झाली. या तिन्ही ठिकाणी मिळून सत्तर हजार माणसे मारली गेली, असा आकडा टॅसिटस देतो. तो अतिशयोक्त असण्याची शक्यता आहे. परंतु विध्वंस काल्पनिक नाही. लंडन आणि कोलचेस्टरच्या पोटात जळालेल्या मातीचा तांबडा थर आजही सापडतो. २०१४ मध्ये कोलचेस्टरच्या मुख्य रस्त्यावरील उत्खननात घराच्या जमिनीत घाईने पुरलेले सोन्याचांदीचे दागिने मिळाले. ते परत घ्यायला कोणीही आले नव्हते.

लष्करी दृष्टीने पाहता येथेच बंडखोरांची मोठी चूक झाली. त्यांनी रोमन गढ्या व ठाणी टाळली आणि जिथे लूट अधिक व प्रतिकार कमी, तिकडे मोर्चा वळवला. परिणामी शहरे जळाली, पण प्रांतातील मुख्य रोमन सैन्य शाबूत राहिले. सुएटोनियसला हवी असलेली सवड त्यांनीच मिळवून दिली.

रणभूमीची निवड

सुएटोनियसजवळ अखेर चौदावी लीजन, विसाव्या लीजनची तुकडी आणि जवळपासचे साहाय्यक सैन्य असे सुमारे दहा हजार लोक जमले. नैर्ऋत्येकडील दुसऱ्या लीजनला बोलावणे गेले होते. मात्र तिचा छावणीप्रमुख पोनियस पोस्टुमस याने आज्ञा मानली नाही.

सेनापतीने निवडलेली जागा अरुंद तोंडाच्या खिंडीसारखी होती. पाठीशी दाट जंगल आणि समोर उघडे मैदान. मागून वा बगलेने हल्ला होण्याची भीती नाही आणि शत्रू कितीही मोठा असला, तरी त्याला समोरूनच यावे लागणार. मध्यभागी दाटीने उभे लीजनचे पायदळ, त्यांच्या दोन्ही बाजूंस हलके सैन्य आणि टोकांना घोडदळ अशी रचना होती. बंडखोरांचा जमाव खिंडीजवळ येईपर्यंत रोमन जागचे हलले नाहीत. अगदी टप्प्यात आल्यावर त्यांनी भाल्यांचा वर्षाव केला आणि मग पाचरीच्या आकारात मुसंडी मारली. गर्दीत लांब तलवार फिरवायला जागा लागते. आखूड रोमन तलवारीला ती लागत नाही. शिवाय ब्रिटनांनी विजय पाहण्यासाठी आणलेल्या कुटुंबांच्या गाड्या मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. माघारीची वाट त्यांनीच रोखली आणि लढाईचे रूपांतर कत्तलीत झाले. ऐंशी हजार ब्रिटन पडले आणि रोमनांचे केवळ चारशे, असे टॅसिटस ऐकीव माहितीच्या आधारे लिहितो. ही रणभूमी नेमकी कोठे होती, हे सिद्ध झालेले नाही. वॉटलिंग स्ट्रीट या रोमन मार्गावरील मॅनसेटरचे नाव अनेकदा घेतले जाते, परंतु ठोस पुरावा मिळालेला नाही.

दोन इतिहासकार, दोन सेनापती

या साऱ्याचा अर्थ लावताना अडचण अशी, की दोन्ही मुख्य वृत्तांत रोमच्या बाजूचे असूनही ते परस्परांशी जुळत नाहीत. टॅसिटसच्या मते सुएटोनियसने दिरंगाई सोडून स्वतःहून लढाई स्वीकारली. डिओ मात्र सांगतो, की त्याला लढाई लांबवायची होती. परंतु अन्नधान्य संपत आले आणि शत्रूने पाठ सोडली नाही, म्हणून मनाविरुद्ध लढावे लागले. टॅसिटस म्हणतो, बूडिकाने विष घेतले. डिओ म्हणतो, ती आजाराने गेली. टॅसिटसचा सासरा अॅग्रिकोला हा तरुणपणी सुएटोनियसच्या हाताखाली या युद्धात होता. म्हणून त्याची माहिती जवळची. पण म्हणूनच सेनापतीकडे झुकलेलीही असू शकते. डिओने शतकाहून अधिक काळानंतर लिहिले आणि तो भागही आपल्याला ११व्या शतकातील संक्षेपातूनच उपलब्ध आहे.

तरीही दोन्ही वृत्तांत एकत्र वाचले असता एक सुसंगत चित्र उभे राहते. लढाईची वेळ सुएटोनियसच्या हाती नव्हती, जागा मात्र होती. रसदीच्या टंचाईमुळे तो थांबू शकत नव्हता आणि संख्याबळाअभावी उघड्यावर लढू शकत नव्हता. या दोन मर्यादांमधून उरलेला एकमेव मार्ग त्याने अचूक ओळखला. लोंडिनियमचा त्याग हा त्याच हिशेबाचा भाग होता. त्यात निष्ठुरता होती, पण गोंधळ नव्हता.

विजयानंतरचा पराभव

लढाई जिंकल्यावर हाच सेनापती थांबायचे कोठे, हे विसरला. बंडात सामील झालेल्या आणि तटस्थ राहिलेल्या जमातींचा मुलूख त्याने आगीने व तलवारीने उजाड केला. पेरण्या न झाल्यामुळे ब्रिटनांवर दुष्काळाचे संकट आधीच कोसळले होते. नवा अर्थाधिकारी क्लासिसियानस याने रोमला कळवले, की सुएटोनियसला बदलल्याखेरीज हे वैर मिटणार नाही. टॅसिटसला यात व्यक्तिगत द्वेष दिसतो. आधुनिक अभ्यासकांना मात्र त्यात शहाणपण दिसते, कारण उजाड प्रांतातून महसूल येत नाही. नीरोने चौकशीसाठी पॉलिक्लिटस या विश्वासू अधिकाऱ्याला पाठवले आणि पुढे काही जहाजे गमावल्याचे निमित्त होऊन सुएटोनियसच्या जागी पेट्रोनियस टर्पिलियानस आला. त्याचे सौम्य धोरण टॅसिटसला आळशीपणाचे वाटले. पण इसेनींचे बंड पुन्हा झाले नाही.

लंडनमधील उत्खननात २०१० ते २०१४ या काळात सापडलेल्या लाकडी लेखपाट्यांपैकी एकीवर ऑक्टोबर ६२ मधील करार आहे. वेरुलेमियमहून लंडनला मालाच्या वीस खेपा आणण्याचा तो व्यवहार आहे. राख झालेली ही दोन शहरे एकदोन वर्षांतच पुन्हा व्यापार करू लागली होती, याचा हा बोलका पुरावा होय. क्लासिसियानसच्या समाधीचे दगडही लंडनमध्येच सापडले असून ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते स्मारक त्याच्या पत्नीने उभारले होते. ज्युलिया पकाटा हे तिचे नाव. गॉलमधील एका रोमनिष्ठ सरदाराच्या या मुलीच्या नावातील 'पकाटा' या शब्दाचा अर्थ 'शांत केलेली' असा होतो. सुएटोनियसने प्रांत जिंकून दिला. तो शांत करण्याचे काम मात्र दुसऱ्यांना करावे लागले.