अण्णांची ‘फॉरेन’ची सायकल

पिंपळवंडीच्या आमच्या घरामागं, कांद्याच्या चाळीला टेकून, एक काळी सायकल कित्येक वर्षं उभी होती. सरळ हँडल, जाड टायर, मागच्या चाकाला गिअर. नाव मात्र कुठंच नाही.

अण्णांनी ती १९९४ साली आणली. तेव्हा ते खोडदला दुर्बिणीच्या कामावर रोजंदारीनं जायचे. “परदेशातून आलेल्या एका साहेबानं जाताना दिली. फॉरेनची आहे,” एवढंच ते सांगायचे. अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. यंदा भावानं सायकल भंगारात घालायचं ठरवलं. मी म्हणालो, “थांब. खरंच फॉरेनची निघाली तर ठेवायची.” तो कबूल झाला.

असल्या सायकलींचं मूळ अमेरिकेत आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमल्पायसवर काही पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन कच्च्या वाटांवरून सुसाट उतरायची. त्यातल्याच जो ब्रीझनं १९७७मध्ये खास या कामासाठी नवी फ्रेम बनवली. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ बाजारात आली. कंपनी अमेरिकेची, पण सायकल बनायची जपानमध्ये. म्हणजे तेव्हापासूनच अशा सायकलीवरचं नाव एका देशातलं आणि कारखाना दुसऱ्याच देशातला असू शकत होता. म्हणून नावापेक्षा लोखंडाला विचारलेलं बरं.

पहिला पुरावा अण्णांच्या बाजूनं निघाला. गिअरच्या आतल्या अंगाला ‘शिमानो’ हे नाव आणि ‘आर ई’ ही दोन इंग्रजी अक्षरं होती. ही जपानी कंपनी तेव्हा सुट्या भागांवर तारीख अक्षरांत कोरायची. पहिलं अक्षर वर्षाचं, ‘ए’ म्हणजे १९७६. दुसरं महिन्याचं. बोटं मोजली. मे १९९३! साहेबाच्या गोष्टीत अगदी फिट बसत होतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

सकाळी सायकल नारायणगावच्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं आधी गिअरकडं बोट केलं. चांगल्या फ्रेमला गिअर अडकवायला मागच्या बाजूला स्वतःचा कान असतो. आमच्या फ्रेमला तो नव्हता. गिअर वेगळ्या पट्टीवर लावून चाकाच्या नटाखाली आवळला होता. म्हणजे ती तारीख गिअरची होती, सायकलीची नाही. मग त्यानं सीटची नळी उपसून मापली. बरोबर एक इंच. भारी, हलक्या पोलादाच्या नळ्यांच्या भिंती पातळ असतात, त्यामुळे आत जास्त जाडीचा दांडा बसतो. इथं भिंत जाड होती. साधं, वजनदार पोलाद.

शेवटी त्यानं हातोडीनं पायडलच्या दांड्याजवळची खिळ ठोकली. “कॉटर पिन. फॉरेनच्या डोंगरी सायकलीला ही नसते.”

कॉटर पिन हा आपल्याकडच्या सायकलींना मिळालेला इंग्रजी वारसा. स्वातंत्र्याआधी रॅले, हम्बर, बीएसए या सायकली बोटीनं यायच्या. पुढं १९४९मध्ये मद्रासला टीआय, १९५१मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस आणि १९५६मध्ये लुधियानात हीरो सुरू झाली. नमुना तोच जुना इंग्रजी राहिला. १९९०च्या दशकात पोरांना सरळ हँडल आणि जाड टायर हवे झाले, तेव्हा कारखान्यांनी रूप बदललं, पण आतली पिन बऱ्याच सायकलींत तशीच ठेवली. आमची सायकल त्यातलीच होती. देशी.

पुढच्या नळीवरचा काळा रंग खरवडला, तर बिल्ला ठोकायची दोन भोकं दिसली. कडेला छिन्नीचे ओरखडे होते. बिल्ला पडला नव्हता, उचकटला होता.

घरी येऊन आईला विचारलं. ती कांदे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्यांनीच काढला. पुण्याच्या जुन्या बाजारातनं आणली होती. तुझ्या आज्याला कळलं असतं की दोन महिन्यांची मजुरी सायकलीत घातली, तर घरात घेतलं नसतं. साहेबानं दिली म्हटल्यावर कोण काय बोलणार?”

तो काळच तसा होता. परदेशी वस्तू आणण्यावर वर्षानुवर्षं बंधनं असल्यानं ‘फॉरेनची’ म्हणजे चांगली, हे गावानं मानलेलंच होतं. गंमत अशी, की अण्णा ज्या कामावर जात होते ते फॉरेनचं नव्हतं. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदच्या दुर्बिणीचा आराखडा इथंच केला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि पत्र्याऐवजी ताणलेल्या पोलादी तारांची जाळी, म्हणजे वारा आरपार जातो, वजन आणि खर्च वाचतो. ती जाळी उभी राहताना अण्णा रोज बघत होते, आणि घरी येऊन सायकल फॉरेनची असल्याचं सांगत होते.

भावाला सगळं सांगितलं. “म्हणजे फॉरेनची नाही,” तो म्हणाला. अटीप्रमाणं सायकल भंगारात जायला हवी होती. तो थोडा वेळ त्या दोन भोकांकडं बघत राहिला. मग विचारलं, “दोन महिन्यांची मजुरी?”

दुसऱ्या दिवशी नवी कॉटर पिन त्यानंच आणली.